निचरेकाका

निचरेकाका काळ्या मातीच्या पट्ट्यात आढळतात: सोलापूर, लातूर, परभणी, अकोला, जिथे शेतजमिनी एनए करून बंगल्यांच्या वसाहती उठल्या तिथे. कोकणात ते टिकत नाहीत. जांभ्यात पाणी आपसूक मुरते, मग काकांनी करायचे काय? वय साठीच्या पुढे, निवृत्ती अशा खात्यातून की ज्याचा पाण्याशी कधी संबंध आला नाही. ओळखण्याची खूण म्हणजे खिशातली काचेची गोटी. कुठल्याही फरशीवर पाय ठेवला की काका आधी वाकतात, गोटी सोडतात आणि ती कुठे जाते ते पाहतात. यजमानांची विचारपूस त्यानंतर.

हा उपद्रव सुरू होतो अंगणातल्या कृत्रिम हिरवळीपासून. खऱ्या लॉनला मे महिन्यात टँकर लागतो, म्हणून प्लॅस्टिकचे गवत येते. (ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोममध्ये १९६६ साली ते अंथरले गेले, तेही छताखाली खरे गवत जगेना म्हणूनच.) कंत्राटदार काळी माती सपाट करतो, वर दोन इंच क्रशरची कच टाकतो, गवत अंथरतो आणि त्याच्या पाठीची भोके दाखवून पैसे नेतो. भोकांतून पाणी खाली जाते हे खरे. खाली गेल्यावर पुढे कुठे, हे बिलात नसते.

जूनमध्ये सगळे छान चालते. बसाल्ट झिजून झालेली ही माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते. पहिले पाऊस त्या भेगांत गडप होतात आणि काका शेजाऱ्यांना बोलावून कौतुक दाखवतात. मग मातीतले मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगते, भेगा मिटतात, आणि पाण्याची वाट बंद होते. हजार चौरस फुटांच्या अंगणात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सव्वानऊ हजार लिटर पाणी होते, म्हणजे मे महिन्यात पैसे मोजून आणला तो जवळजवळ अख्खा टँकर. हिरवळ पचपचते, वास येतो, बेडूक येतात. काकू चपला हातात घेऊन तुळशीपर्यंत जातात.

पहिला उपाय शोषखड्डा. काळ्या मातीत तो शोषत काहीच नाही, नुसता भरून राहतो. दुसरा उपाय मातीत वाळू कालवण्याचा. त्याने माती सुधारत नाही, वाळू मात्र वाया जाते. एवढे पैसे घातल्यावर काकांना मुद्दा कळतो: या मातीत पाणी खाली जात नाही, ते बाजूला न्यावे लागते. त्यासाठी गवत गुंडाळून ठेवायचे, सहा-सात इंच माती काढायची आणि उतार वरच्या थराला नव्हे, खालच्या मातीलाच द्यायचा: घरापासून दूर, दर शंभर फुटांना निदान एक फूट. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, वर चार इंच वीस एमएम खडी, मग बारीक खडीचा पातळ थर. सखल कडेला चर, चरात भोकांचा पाईप. कापड विसरले तर चिखल खडीत चढतो आणि सगळे पुन्हा उकरावे लागते.

पाईपची भोके वर की खाली, यावर गवंडी आणि काका यांचे भांडण हमखास होते. पाणी वरून येते म्हणून गवंड्याला भोके वर हवी असतात. काका म्हणतात खाली, आणि काकांचेच बरोबर: चरात पाणी तळापासून चढते, भोके खाली असली की ते लवकर पाईपमध्ये शिरते. बरोबर असलेला माणूस किती असह्य होऊ शकतो ते मात्र त्या वेळी पाहून घ्यावे. उतार तपासायला पाणी भरलेली पारदर्शक नळी आणतात. एक टोक गवंड्याकडे, दुसरे काकांकडे. दोघांनी अंगठे एकदम उचलायचे. पाणी वरखाली डुलून स्थिरावते. मग काका चष्मा कपाळावर सरकवून गुडघ्यावर बसतात, नळीत अडकलेला बुडबुडा टिचक्या मारमारून बाहेर काढतात आणि सगळी मोजणी पहिल्यापासून करायला लावतात.

इतके झाल्यावर माणसाने स्वस्थ बसावे. काका जगाचा उतार मोजायला निघतात. बँकेत गोटी मॅनेजरच्या टेबलाखाली जाते. मंगल कार्यालयात ती ऐन अंतरपाटाच्या वेळी भटजींच्या पाटाखाली गेली आणि एक 'सावधान' जास्तीचे म्हणावे लागले. भाचीच्या सासरी वास्तुशांतीला काकांनी बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओतले. ते जाळीकडे न जाता देवघराकडे निघाले. व्याही अजून नीट बोलत नाहीत. एका वास्तुतज्ज्ञाने पाणी ईशान्येला काढा म्हटले, तेव्हा काकांनी गोटी त्याच्या हातावर ठेवली: "हिला सांगा." अँजिओप्लास्टीला नेताना गोटी काढून घेतली होती, तरी स्ट्रेचरवरून वॉर्डबॉयला बजावलेच, "ब्रेक लाव रे बाबा, इथे उतार आहे." उतार होता.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने नोंदवावी लागते. गोटी दिसताच रस्ता ओलांडणारे हेच शेजारी, रात्री दोन वाजता पोर्चमध्ये पाणी चढले की पहिला फोन काकांनाच करतात. काका येतात, बनियनवर रेनकोट, हातात पहार. चेंबरचे झाकण उचलून खांद्यापर्यंत हात घालतात, कुणाच्या तरी मुंजीतल्या पत्रावळी बाहेर काढतात, सगळ्यांना शिव्या घालतात आणि पैसे घेत नाहीत. निम्म्या कॉलनीचे पाईप कुठून कुठे गेले आहेत, हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे. मुलगा बेंगळुरूला अकराव्या मजल्यावर राहतो. त्याला अंगण नाही.

काकांचा स्वतःचा पाईप फाटकाशी येतो आणि तिथे नगरपालिकेचा रस्ता लागतो. जुना थर न खरवडता त्यावरच नवे डांबर पडत गेल्याने हा रस्ता दर वेळी चढत गेला. पूर्वी फाटकातून तीन पायऱ्या उतरून त्यावर यावे लागे, आता गोटी फाटकात ठेवली की घराकडे येते. काकांनी कोपऱ्यात संप खणून अर्ध्या एचपीचा पंप बसवला आणि नगरपालिकेला अर्ज दिला. पाहणीला एक तरुण इंजिनिअर आला. काकांनी नळीचे टोक त्याच्या हाती दिले. मुलगा चांगला निघाला: अंगठा वेळेवर उचलला, आकडे लिहून घेतले, रस्ता खरवडायला हवा असा शेराही मारला. महिन्याभरात त्याची बदली झाली. दिवाळीनंतर रस्त्यावर आणखी एक थर पडला आणि काकांनी पंपाचा डिलिव्हरी पाईप फूटभर उंचावून घेतला.