जन्माला साक्षीदार हवा

मस्कतच्या अझैबा भागातल्या एका मराठी कादंबरीकाराने विकिपीडियावरच्या आपल्या चरित्रातली जन्मतारीख परस्पर दुरुस्त केली. ती तत्परतेने पूर्ववत झाली, हे योग्यच. जन्माच्या वेळी ते जातीने हजर होते हे खरे. पण हितसंबंधही होतेच ना! २०१२ साली खुद्द कादंबरीकार फिलिप रॉथला आपल्याच ‘द ह्यूमन स्टेन’ची प्रेरणा विकिपीडियाला पटवून द्यायला ‘द न्यू यॉर्कर’मध्ये खुले पत्र लिहावे लागले, तिथे यांचे काय?

आता त्यांनी रीतसर चर्चापानावर विनंती केली आहे. जन्मदाखला आणि पासपोर्ट म्हणजे प्राथमिक कागद, तिथल्या मराठी मंडळाची स्मरणिका घरचीच. स्वतंत्र, छापील स्रोत म्हणून मृत्युलेख उत्तम. एका होतकरू वार्ताहराने तो आगाऊ लिहूनही ठेवलाय. जन्मतारीख अर्थातच विकिपीडियावरून घेतली आहे.