परत भट्टीत

मामांच्या मोटारसायकलच्या टाकीवर पेंग्विन आहे. मे महिन्यात जालन्यात चंदनझिऱ्याजवळ त्या टाकीला हात लावला तर फोड येईल, तेव्हाही तो पोट पुढं काढून गार बसलेला असतो. एमआयडीसीतल्या चहावाल्याची कित्येक वर्षं समजूत होती की मामा कूलर दुरुस्त करतात. सळई भरायला आलेला एक ट्रकवाला एकदा ‘बदक भारी आहे’ म्हणाला, तर मामांनी गाडी स्टँडला लावली, त्याला केबिनमधून खाली उतरवलं आणि लॅरी युइंग नावाच्या माणसानं 1996 साली लिनक्सचा हा पक्षी कसा काढला ते पहिल्यापासून सांगितलं. ट्रकवाला शेवटी ‘पेंग्विन तर पेंग्विन’ म्हणून सुटला. मुंबईच्या राणीबागेत पेंग्विन 2016 साली आले. आमच्याकडे त्याच्या बरेच आधी होते.

मामा एका रोलिंग मिलमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहेत. ते नेमके कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नाही. मिलचे मालकही मामाच म्हणतात. मोटर जळाली, पॅनलमधून धूर निघाला, की मामांना हाक. पण ते पोटापाण्याचं झालं. खरं आयुष्य शिफ्ट सुटल्यावर सुरू होतं; कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी धाप लागलेल्या संगणकासमोर, खिशातून पेनड्राइव्हचा जुडगा काढून. वाड्याच्या किल्ल्या कमरेला लावून हिंडणाऱ्या जुन्या कारभारणीची ऐट तो जुडगा काढताना मामांच्या चेहऱ्यावर असते.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली. आपल्याकडे ती ‘बसवतात’. गणपतीही बसवतात. मामांकडे दोन्ही दीड दिवसाचे. हौसेनं आणायचं, प्रतिष्ठापना करायची, पडद्यावरचं चित्र बदलायचं, आल्यागेल्याला दर्शन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जन, कारण रात्री दुसरं उतरवून ठेवलेलं असतं. मामांनी संगणकावर एक पत्र टाइप केल्याचं मी पाहिलेलं नाही. पत्र टाइप करता येईल असा संगणक मात्र त्यांनी शेकडो वेळा तयार केला आणि पत्र सुरू व्हायच्या आत पुसून टाकला.

असा माणूस जालन्यातच निपजू शकतो असं माझं मत आहे. इथली सळई भंगारातून जन्मते. मोडके पत्रे, गाड्यांचे सांगाडे, गंजलेली पिंपं येतात, भट्टीत वितळतात, त्यांचं बिलेट होतं आणि ते तापून रोलमधून सळई होऊन निघतं. कधी लालभडक सळई रोलमधून निसटते आणि शेडभर वेटोळं घालते. सगळे पळतात. त्याला मिसरोल म्हणतात. थंड झालं की तोडायचं आणि पुन्हा वितळवायचं. त्याचं कुणी सुतक पाळत नाही. मामांचं तत्त्वज्ञान इथंच संपतं. एखाद्याच्या संगणकावर बसवलेलं बिघडलं, पडदा काळा पडला, घरातली माणसं रडकुंडीला आली, की मामा शांतपणे म्हणतात, “मिसरोल झाला. परत भट्टीत.” आणि जुडग्यातली दुसरी किल्ली काढतात.

गावाचं दुसरं अंग बियाण्याचं. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको सुरू केली, 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. त्यामुळं संकरित आणि सरळ हा भेद इथं टपरीवर उभा राहिलेला माणूसही जाणतो. मामा लिनक्सच्या प्रकारांना डिस्ट्रो म्हणत नाहीत, वाण म्हणतात.

“विंडोज म्हणजे संकरित,” मामा सांगतात. “पिकतं झकास. पण बी घरात धरता येत नाही, दुकानातच जावं लागतं. आन् पिशवीत काय हाय ते इचारायचं नाही. लिनक्स म्हणजे सरळ वाण. पेर, धर, शेजाऱ्याला वंजळभर दे, त्यातूनच निवड करून सोताचा वाण काढ आन् त्याला बायकोचं नाव दे.”

बायकोच्या नावाची गोष्ट खरी आहे. 1993 साली इयन मर्डॉकनं काढलेल्या वाणाचं नाव डेबियन. त्यात ‘डेब’ ही डेब्रा, त्याची मैत्रीण, पुढं बायको. हे मामींसमोर सांगितलं तेव्हा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “आमच्या यांनी गॅसच्या कार्डावरसुद्धा माझं नाव धड लिहिलेलं नाही.”

डेबियनच्या पोटी 2004 साली उबंटू आलं, उबंटूच्या पोटी 2006 साली मिंट. सरकारी सी-डॅकचं बॉस, तेही डेबियनच्याच वंशातलं. ही वंशावळ मामांना तोंडपाठ आहे. स्वतःच्या चुलत भावांची मुलं त्यांना ओळखू येत नाहीत. मूळ पुरुष मात्र फिनलंडचा. एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं 1991 च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की आपण छंद म्हणून एक छोटीशी प्रणाली करतोय, फार मोठं काही होणार नाही. मामा हे इतक्या जवळिकीनं सांगतात की नव्या माणसाला तो पोरगा अंबडचा वाटतो. “छंद म्हणला होता! आज जगातले पाचशे सगळ्यात ताकदवान संगणक, सगळे लिनक्सवर. आन् तुह्या खिशातला ॲन्ड्रॉइड? त्याच्या बुडाशी काय हाय?” समोरचा खिसा चाचपतो.

तरी गावात मामांचं चालत नाही, याला दोन कारणं. पहिलं, फुकट हा शब्द. इंग्रजीत मुक्त आणि फुकट दोन्हींना एकच शब्द असल्यानं 1983 पासून रिचर्ड स्टॉलमन बिचारे लोकांना फरक समजावत आहेत. मराठीला ती अडचण नाही, पण व्यापाऱ्यापुढं मराठीही हरते. फुकट म्हटलं की तो खुर्ची दोन बोटं मागं सारतो. फुकट बी कुणी देतं का? दिलं तर न उगवणारं. दुसरं कारण त्याहून जुनाट. मामांचं प्रवचन तासभर शांतपणे ऐकून घेतल्यावर समोरचा माणूस विचारतो, “टॅली चालतं का?” टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. मामा ‘वाईन’ नावाची एक तडजोड सुचवतात. समोरचा माळकरी असतो.

मामांचा सुवर्णकाळ म्हणजे उबंटूच्या सीड्या टपालानं घरपोच मिळायच्या तो. टपालखर्चसुद्धा उबंटूवालेच भरायचे. 2011 साली ते बंद झालं, पण तोवर मामांकडे परदेशी पाकिटांची थप्पी झाली होती आणि पोस्टमनच्या नजरेत संशय. मामांनी त्या सीड्या पाहुण्यारावळ्यांत वाटल्या. मामींच्या माहेरी त्यांचा सर्वांत सार्थ उपयोग झाला: मोसंबीच्या बागेत दोऱ्याला बांधल्या, उन्हात चमकायच्या, पाखरं येत नसत. मामा आजही ती बाग ‘आपलं इन्स्टॉलेशन’ म्हणून मोजतात.

माझा नंबर मागच्या दिवाळीत लागला. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा शेर संपला आणि माझा 2016 सालचा लॅपटॉप अकरासाठी अपात्र ठरला. घराची साफसफाई चालू होती. मी तो रद्दीवर ठेवला आणि नेमके मामा फराळाची चौकशी करायला दारात.

“कामून फेकायलास?”

“जुना झालाय, मामा.”

भंगारावर उभ्या असलेल्या गावात हे बोलायला नको होतं. त्यांनी लॅपटॉप उचलून उलटा केला, बैलाचे दात बघावेत तसं बुडावरचं लेबल वाचलं. “रॅम किती? चार? कोरडवाहू जमीन हाय तुही. आठ असती तर बागायत म्हणलो असतो. डेबियन लावू. कमी पाण्यावर येतं.”

तीन जीबीच्या आसपासचं ते बियाणं त्यांच्या जुडग्यात होतंच. आधी लॅपटॉपला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून दाखवलं. “हे वसरीवर बसलेलं हाय. घरात घ्यायचं का नाही ते तू ठरव.” मी सावधपणे म्हणालो, जुनंही राहू द्या, नवंही येऊ द्या. मामांचा चेहरा उजळला, कारण आता वाटणी आली. डिस्कची वाटणी करताना ते मंडळ अधिकाऱ्यासारखे गंभीर होतात. बांध कुठं घालायचा यावर अर्धा तास गेला. मी विंडोजला जास्त द्या म्हणत होतो, ते “धाकट्याला पडीक देऊ नको” म्हणत होते. शेवटी दोघं भाऊ एका वाड्यात नांदायला लागले आणि दारात ग्रब नावाचा म्हातारा बसला. लॅपटॉप चालू केला की तो विचारतो, कुणाकडं आलात? दहा सेकंदांत उत्तर दिलं नाही तर सरळ धाकट्याकडं पाठवतो. ही पक्षपाती व्यवस्था मामांची.

वायफाय लागलं नाही. ड्रायव्हर इंटरनेटवरून आणायचा आणि इंटरनेट ड्रायव्हरवाचून नाही. मामांनी फोन वायरीनं जोडून त्याचं नेट वापरलं. मग काळ्या खिडकीत आज्ञा लिहून मला पासवर्ड घाल म्हणाले. मी बटणं दाबली, पडद्यावर काहीच उमटेना. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत. कीबोर्ड गेला असं समजून मी तीनदा जोरजोरात दाबला. “दिसत नसतो तो,” मामा म्हणाले, “दान हाय ते. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू द्यायचं नाही.”

खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच वेळ इथली समजतं. नेट बंद होतं. मी मोठ्या भावाकडं गेलो आणि घड्याळ साडेपाच तास मागं. सकाळी साडेनवाला लॅपटॉप पहाटेचे चार दाखवत होता. मी फोन चार्जिंगला लावून आंघोळीला गेलेलो. सौभाग्यवतीनं लॅपटॉपवर वेळ पाहिली आणि सणाचे दिवस, माणूस लवकर उठलाय तर उटणं लावावं, म्हणून थांबवून घेतलं. कंपनीत पोहोचलो तेव्हा साहेब जेवायला उठत होते. मामांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला. “मिसरोल,” ते म्हणाले. मी लॅपटॉप छातीशी धरला. त्यांनी एका ओळीत घड्याळ दुरुस्त करून दिलं आणि भट्टी टळल्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

तेव्हापासून लॅपटॉप बरा चालतोय. ही मामांच्या दृष्टीनं वाईट बातमी आहे. आठवड्याला फोन येतो. “काही अडचण?” नाही म्हटलं की पलीकडं शांतता. मग हळूच, “एक नवा वाण आलाय. तुह्या जमिनीला चांगला मानवंल.” डॉक्टरनं सारखं ‘कुठं दुखतं का’ विचारावं आणि आपण दडपणाखाली गुडघा पुढं करावा तसं होतं. मी अजून केलेला नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत टेबलावर तीन संगणक उघडे पोटानं पडलेले, एकात काहीतरी उतरत होतं, एकात पुसलं जात होतं, तिसऱ्यात मामांचं डोकं होतं. आतल्या खोलीत, देवघराशेजारी, भरतकामाच्या रुमालाखाली चौथा. मामींनी रुमाल काढला, चालू केला, बचत गटाचा महिन्याचा हिशेब उघडला आणि पंधरा बायकांचे हप्ते भराभर टिपायला बसल्या. लिब्रेऑफिसचा तक्ता होता. मी वाकून वाण पाहिला. डेबियन 9, 2017 सालचा. डेबियनची नावं ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्यांवरून ठेवतात, हा ‘स्ट्रेच’, रबरी ऑक्टोपस. इतक्या वर्षांत त्यात काहीही बदललेलं नव्हतं.

“मामी, तुम्ही लिनक्स वापरता?”

“कुठलं काय, मला नाही माहीत. यांनी एकदा बसवलं, चालायला लागलं, तेव्हाच मी नेटची वायर काढून कपाटात ठेवली.”

मामा दारात येऊन उभे राहिले होते. हातात जुडगा. नजर त्या पडद्यावर, शेजाऱ्याच्या बांधावर वाळत चाललेल्या पिकाकडं पाहावं तशी.

“त्याची मुदत संपून लई दिवस झाले,” ते मला म्हणाले, पण ऐकवत होते आत. “मी काय म्हणतो, पुसायचं नाही. नुसतं वरच्यावर…”

मामींनी मान वर केली नाही. “चहा ठेवलाय,” त्या म्हणाल्या. “उतू जातोय का बघा.”