खोली बघून कापाकापी

हॉस्पिटलच्या दारात पहिला प्रश्न 'काय होतंय?' असा नसतोच. 'मेडिक्लेम आहे का?' असा असतो. 'आहे' म्हटलं की काउंटरवर असं समाधान पसरतं की निम्मं दुखणं तिथंच पळतं. उरलेलं निम्मं बिलाची वाट बघत दबा धरून बसतं.

समजा, तुमची पॉलिसी पाच लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5000 रुपये. पित्ताशय काढायचंय. दोन पेशंटांची ट्विन शेअरिंग खोली रिकामी नाही म्हणून 8000ची खोली घेतलीत. वरचे तीन हजार आपण भरू, असा तुमचा भाबडा हिशेब. पण सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग अशा सगळ्यांत त्याच प्रमाणात (आठ हजारांत तीन हजार), म्हणजे रुपयामागे साडेसदतीस पैसे कापले जातात. (औषधं आणि इम्प्लांट यांतून सुटतात, विमा नियामकाची कृपा!) ह्याला म्हणतात प्रमाणशीर कपात. कंपनी म्हणते, महागड्या खोलीतल्या पेशंटला हॉस्पिटल त्याच ऑपरेशनचा दर चढा लावतं. खोटं नाही, बऱ्याच हॉस्पिटलांचं दरपत्रक तसंच असतं. टेबल तेच, सुरी तीच. पण सोफा आणि खिडकी असलेल्या खोलीतून आलेलं पित्ताशय वरच्या कुळातलं! एरवी बिलावरून भांडणारे दोघे एवढ्या एका मुद्द्यावर एकमतानं नांदतात.

मग डिस्चार्ज. मे 2024मध्ये विमा नियामकानं फर्मावलं की हॉस्पिटलची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी द्या. उशीर झाला तर खोलीचा वाढीव खर्च कंपनीनं सोसायचा. झकास नियम. फक्त घड्याळ डॉक्टरांच्या 'जा आता घरी'पासून सुरू होत नाही. फाइल आधी फार्मसीत जाते, मग लॅबमध्ये, मग बिलिंगला, तिथल्या साहेबांच्या जेवणाच्या सुट्टीतून बाहेर पडते आणि दिवस कलल्यावर कंपनीकडे पोचते. तोवर पेशंट घरचे कपडे घालून, पिशवी भरून पलंगावर बसलेला. मग 'क्वेरी' येते. रात्री मंजुरी येते तेव्हा कंपनी वेळेत, हॉस्पिटलही वेळेत. उशीर झालाच असेल तर पेशंटला बरं व्हायला!

तेव्हा मंडळी, पॉलिसी आजच कपाटातून काढा आणि 'रूम रेंट'ची ओळ शोधा. मर्यादा असेल तर नूतनीकरणाच्या वेळी ती नसलेली पॉलिसी मागा. ते जमेपर्यंत, खोलीची किल्ली घेण्याआधी टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) डेस्कवर एवढंच विचारा : माझ्या पॉलिसीत कुठली खोली बसते? आणि उत्तर लेखी घ्या.