घसरगुंडीचा मुहूर्त

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात हिवाळा सुरू करण्याचे काम आता निसर्गाकडे राहिलेले नाही. ते स्की रिसॉर्टांच्या जाहिरात विभागांनी अंगावर घेतले आहे आणि खरे सांगायचे तर ते निसर्गापेक्षा चोख करतात. ऑक्टोबर उजाडतो, दऱ्याखोऱ्यांत ॲस्पेनची झाडे अजून पिवळीधमक असतात, डेन्व्हरमध्ये लोक अर्ध्या चड्डीत कुत्री फिरवत असतात आणि वर डोंगरात तीन उतावळ्या नवऱ्यांनी गुडघ्याला बाशिंग बांधलेले असते. अरापाहो बेसिन, कीस्टोन आणि लव्हलँड ही त्यांची नावे. यंदाचा पहिला स्की उतार आपणच उघडायचा, याच ईर्षेने तिघांना पछाडलेले असते.

तिघेही एकमेकांचे शेजारी. अरापाहो बेसिनहून कीस्टोनला गाडीने जेमतेम पाव तास लागतो आणि लव्हलँड खिंडीच्या पलीकडे. म्हणजे ही स्पर्धा नव्हेच, ही भाऊबंदकी. २०१९ मध्ये कीस्टोनने बर्फ बनवण्याची नवी स्वयंचलित यंत्रणा बसवली आणि १२ ऑक्टोबरला उतार उघडला. कित्येक वर्षांत एवढ्या लवकर जमले नव्हते. पण अरापाहो बेसिन ११ ऑक्टोबरलाच उघडून बसले होते! एका दिवसाने नाक कापले. गंमत म्हणजे याच अरापाहो बेसिनचा आधीचा हंगाम संपला होता ४ जुलैला. डोंगराला जेमतेम सव्वातीन महिन्यांची सुट्टी मिळाली. एवढ्यात शाळेची पुस्तकेसुद्धा छापून होत नाहीत.

या भाऊबंदकीत अधूनमधून परके घुसतात. मिनेसोटात वाइल्ड माउंटन नावाची सुमारे ३०० फुटांची एक टेकडी आहे. अरापाहो बेसिनचा पायथाच १०,७८० फुटांवर आणि माथा १३,०५० फुटांवर आहे. तरीही या टेकडीने एका गार रात्री बर्फ उडवणाऱ्या तोफा चालवून भल्याभल्या पर्वतांच्या आधी नंबर लावल्याचे प्रसंग आहेत. त्याहून वाईट वागते ते दक्षिण कोलोरॅडोतले वुल्फ क्रीक. ते ढगांच्या भरवशावर असते. २०२१ मध्ये तिथे वेळेआधी भरपूर बर्फ पडला आणि १६ ऑक्टोबरला त्यांनी दार उघडले. अरापाहो बेसिन दुसऱ्या दिवशी. आकाशातून पडलेला फुकटचा बर्फ वापरून पहिले येणे, हे आमच्या मते नियमबाह्य आहे. मेहनतीने बर्फ बनवणाऱ्यांच्या पोटावर असा पाय देऊ नये.

आता उघडते म्हणजे नेमके काय उघडते, ते पाहू. एक लिफ्ट आणि एक उतार. अरापाहो बेसिनचा हा मुहूर्ताचा उतार बहुधा ‘हाय नून’. त्यावर सुमारे १८ इंच जाडीचा, यंत्रातून काढलेला बर्फ. दोन्ही बाजूंना तपकिरी गवत, दगड आणि झाडांचे बुंधे, मधून ही पांढरी पट्टी. तिला स्की करणाऱ्यांच्या बोलीत ‘मरणाची पांढरी फीत’ म्हणतात. कारण उघड आहे. सहा महिने स्कीला न शिवलेले, पहिल्यांदाच स्नोबोर्ड बांधलेले, तीन वर्षांच्या पोराला दोरीने धरून चाललेले आणि स्वतःला ऑलिंपिकचे उमेदवार समजणारे असे सगळे एकाच वेळी त्याच फितीवर उतरतात. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आदल्या दिवशी ज्यांनी दुचाकी चालवली असेल, त्यांना या क्रीडाप्रकाराचे वेगळे प्रशिक्षण लागणार नाही.

तरीही लोक येतात. आदल्या रात्रीपासून पार्किंगमध्ये मुक्काम ठोकतात. पहिल्या पाळण्यात बसायचा मान मिळावा म्हणून थर्मास, घोंगड्या आणि खुर्च्या घेऊन रांग धरतात. सकाळी लिफ्ट हलली की टाळ्या पडतात, कॅमेरे लखलखतात, कुणी केळ्याच्या पोशाखात येतो, कुणी वाघाच्या. तीन-चार मिनिटांत उतार संपतो आणि अर्धा तास पुन्हा रांग. व्हरमाँटमधल्या किलिंग्टनची तऱ्हा तर याहून न्यारी. तिथे हंगामाच्या सुरुवातीला वरच्या भागातच बर्फ धरतो. म्हणून लोक गोंडोलाने शिखरावर जातात, स्कीचे जड बूट घालून, पट्ट्या खांद्यावर टाकून लोखंडी जिन्याने उतारापर्यंत खाली चालत येतात, घसरतात आणि दिवस संपला की त्याच जिन्याने चढून गोंडोलाने परत पायथ्याशी. पायथ्यापर्यंत बर्फ नसतोच. घसरण्याच्या हौसेपायी एवढे जिने चढणारी माणसे आम्ही यापूर्वी फक्त सरकारी कार्यालयांत पाहिली होती.

हा बर्फ बनतो कसा, तेही समजून घेतले पाहिजे. दाबाखालची हवा आणि पाणी तोफेच्या तोंडातून फवाऱ्यासारखे उडवायचे, थेंब खाली पडेपर्यंत गोठले पाहिजेत. त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. बर्फवाले साध्या तापमानाकडे बघत नाहीत, ‘वेट बल्ब’ बघतात, म्हणजे आर्द्रता जमेस धरलेले तापमान. ते शून्याखाली दोन अंशांच्या आसपास आले की काम सुरू. हवा पुरेशी कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही बर्फ बनतो, कारण थेंबाची वाफ होता होता थेंब स्वतःच गार होतो. कोलोरॅडोची कोरडी हवा या धंद्याला म्हणूनच मानवते.

रात्री दोन-अडीचला डोंगरावर तोफांची घरघर चाललेली असते. कपाळावर दिवा बांधलेला एक कामगार फवाऱ्याखाली जाऊन उभा राहतो आणि हात लांब करून अंगरख्याची बाही पुढे धरतो. बाहीवर पडलेले कण टणटण उडून गेले तर बर्फ कोरडा, ठीक आहे. बाहीला चिकटून ओल धरली तर पाणी जास्त, मग वळून झडप थोडी आवळायची. करोडो डॉलरची स्वयंचलित यंत्रणा बसवली तरी शेवटचा निकाल अजून ही बाहीच देते. सकाळी फीत कापताना या माणसाला कुणी बोलावत नाही. तो तेव्हा झोपलेला असतो, ही त्याची मोठी चूक.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर जाडीचा बर्फ पसरायला साधारण १० लाख लिटर पाणी लागते. म्हणजे १० हजार लिटरचे १०० टँकर. हे वाचून मराठवाड्यातल्या वाचकांनी उगाच दचकू नये. वसंतात बर्फ वितळतो आणि पुष्कळसे पाणी ओढ्यात परत जाते, असे रिसॉर्टवाले सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पाणी फक्त डोंगरावर काही महिने राहायला जाते. आपल्याकडे ते टँकरमध्येच राहायला असते.

काही ठिकाणी पाण्यात एक चिमूट औषधही घालतात. स्यूडोमोनास सिरिंगे नावाचा एक जिवाणू आहे. त्याच्या अंगच्या प्रथिनामुळे पाणी लवकर गोठते. शेतात तो पिकांवर हिमदाह घडवून शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढतो, म्हणून तिथे तो गुन्हेगार. पण त्यालाच मारून, सुकवून ‘स्नोमॅक्स’ नावाने पाकिटात भरले की तोच पर्यटन उद्योगाचा आधारस्तंभ. १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्येही त्याने सेवा बजावली. शेतात नुकसान करणाऱ्याला मेल्यानंतर पर्यटन खात्यात बढती मिळते, ही गोष्ट आपल्या वाचकांना फारशी नवी वाटणार नाही.

यंत्राने बर्फ बनवण्याच्या शोधाचा उगम पाहिला की सगळे कोडे सुटते. १९४९-५० च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात बर्फच पडेना. मोहॉक माउंटनच्या मालकाने, वॉल्टर शोनेक्ट यांनी, बर्फाच्या कारखान्यातून शेकडो टन लाद्या आणून त्या फोडून उतारावर पसरल्या. त्याच राज्यात टे मॅन्युफॅक्चरिंग नावाची कंपनी होती. तिथल्या वेन पिअर्स यांनी मार्च १९५० मध्ये बागेची नळी, हवेचा कॉम्प्रेसर आणि रंग मारायच्या फवारणीचे तोंड जोडून पहिला बर्फ उडवला. ही कंपनी काय बनवायची? स्की. बर्फ नाही म्हणून स्की खपेनात, तेव्हा स्की विकणाऱ्यांनी बर्फ बनवला. गिऱ्हाइकाने वस्तू घ्यावी म्हणून त्याच्या पायाखालचा ऋतू पुरवण्याची कल्पना मूळची दुकानदाराची. तेव्हापासून आजतागायत या धंद्याने हे सूत्र सोडलेले नाही.

म्हणून विचारावेसे वाटते, ऑक्टोबरात एका फितीसाठी एवढा आटापिटा का? रात्रभर वीज जाळून, पाणी उपसून, दिवसाला मावतील तेवढ्या लोकांना एका उतारावरून घसरवून कुणाचे घर भरते? तिकिटांवर तर नाहीच. उत्तर दुसरीकडे आहे. सीझन पास वसंत ऋतूत विक्रीला येतात, महिन्यागणिक महाग होत जातात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २००८ मध्ये ‘एपिक पास’ ५७९ डॉलरला आणला, २०१८ मध्ये ऑल्टेरा या दुसऱ्या कंपनीने ‘आयकॉन पास’ आणला आणि धंद्याची उलथापालथ झाली. बर्फ पडो न पडो, पैसे आधी. खुद्द व्हेलच्या डोंगरावर ऐन हंगामात खिडकीवर एका दिवसाचे तिकीट ३०० डॉलरच्या वर गेले आहे, म्हणजे पास न घेणाऱ्याला शिक्षा. कीस्टोन व्हेल कंपनीचे आहे आणि २०२४ मध्ये अरापाहो बेसिन ऑल्टेराच्या पदरात पडले. आता दोन शेजाऱ्यांच्या आडून दोन पास लढतात. अशा वेळी, पास अजून विकले जात असताना, पाळण्यात बसून हसणाऱ्या पहिल्या माणसाचा फोटो सगळीकडे झळकणे किती मोलाचे! ती फीत घसरायला नसतेच, फोटो काढायला असते. त्यावरून खरोखर घसरणारे लोक हे फोटोतले बिनपगारी नट, आणि तेही पदरचे पैसे भरून आलेले.

युरोपने यात आणखी प्रगती केली आहे. ऑस्ट्रियातल्या किट्झब्युहेलने मागच्या हिवाळ्याचा बर्फ उन्हाळाभर आच्छादनाखाली झाकून ठेवला आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हिरव्यागार कुरणावर तो अंथरून उतार उघडला. पारा २० अंशांच्या आसपास होता. फिनलंडमधले रुका आणि लेव्हीही असाच शिळा बर्फ राखून ऑक्टोबरात हंगाम सुरू करतात. तिथे निदान गारठा तरी असतो. स्वित्झर्लंड आणि इटली यांनी मात्र कमाल केली. झरमॅटहून सुटून चेर्व्हिनियाला संपणारी विश्वचषक शर्यत हंगामाच्या अगदी सुरुवातीला घ्यायचे ठरले. एका देशात सुरू, दुसऱ्या देशात शेवट! २०२२ मध्ये ४ शर्यती ठरल्या, बर्फ नाही म्हणून रद्द. २०२३ मध्ये पुन्हा ४ ठरल्या. तयारीसाठी हिमनदीवर खोदयंत्रे चढवली, त्यांचे फोटो छापून आले, परवानगीच्या हद्दीबाहेरचे काम प्रशासनाने थांबवले. शर्यतीच्या वेळी मात्र भरमसाट बर्फ आणि वारा आला, आणि त्याही रद्द. ८ पैकी ८. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने शर्यत वेळापत्रकातूनच काढून टाकली. ज्या हिमनदीच्या वितळण्याची काळजी सगळ्या युरोपला, तिच्यावर खोदयंत्र चालवून हिवाळ्याचे स्वागत करायचे, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

या सगळ्यापुढे आपला देश किती मागासलेला! फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा टप्पा होता. बर्फ पुरेसा नाही म्हणून आयोजकांनी स्पर्धा पुढे ढकलल्या, देव पाण्यात घालून बसले आणि बर्फ पडल्यावर मार्चमध्ये घेतल्या. बर्फ नाही तर स्पर्धा नाही, बर्फ आला की स्पर्धा. इतका सरळ कारभार करणाऱ्या देशाचे पर्यटन कसे वाढायचे?

कोलोरॅडोवाल्यांपुढे खरी अडचण वेगळीच आहे. तोफांना थंड रात्र लागते आणि ती अजून यंत्रातून काढता येत नाही. २०२३ मध्ये अरापाहो बेसिनचा मुहूर्त २९ ऑक्टोबरपर्यंत लांबला. तोफा सज्ज, पाणी सज्ज, रांग सज्ज, जाहिरात सज्ज आणि थंडी रजेवर. निसर्गाला या धंद्यातून बडतर्फ केले खरे, पण त्याच्याकडची एक किल्ली अजून काढून घेता आलेली नाही.

त्यावरचा तोडगा मात्र एका शहाण्या शहराने केव्हाच काढला आहे. दुबईत मॉलच्या आत, छताखाली, भर वाळवंटात स्कीचा उतार आहे. ४०० मीटर लांब, आत पारा शून्याखाली, सोबत पेंग्विनसुद्धा. डोंगर नाही, ढग नाहीत, वेट बल्बची कटकट नाही. करोनाची टाळेबंदी वगळली तर तिथला हंगाम एकदा सुरू झाला तो अजून संपलेला नाही. तेव्हा अरापाहो बेसिन, कीस्टोन आणि लव्हलँड यांनी दर ऑक्टोबरला आपसात डोकी फोडून घेण्यात अर्थ नाही. पहिला नंबर २००५ सालीच गेला आहे.