ध्रुवच्या बाजूनं

राष्ट्रभाषा प्रचार समिती 1936 साली स्थापन झाली ती आमच्या वर्धेत. पण गल्लीतल्या पोट्ट्यांना हिंदी शिकवली कॉमिक्समधल्या नागराजनं. समितीच्या ‘प्रवेश’, ‘परिचय’ परीक्षा घरच्यांच्या धाकानं दिल्या. राज कॉमिक्स मात्र भाड्यानं आणून, भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचली. ‘विष-फुंकार’सारखा दणदणीत शब्द कोणत्या परीक्षेत भेटणार होता?

‘नागराज और सुपर कमांडो ध्रुव’ हाती लागलं आणि गल्लीत दोन तट पडले. नागराज 1986 चा, ध्रुव 1987 चा. “काऊन बे, नागराज डसला तर तुह्या ध्रुवचं काय राह्यते?” या प्रश्नावर ध्रुवपक्ष गारद व्हायचा. पहिला नागराज पुण्याच्या प्रताप मुळीकांनी चितारला, हे तेव्हा ठाऊक असतं तर ‘आपला माणूस’ म्हणून आम्हा नागराजवाल्यांचं पारडं आणखी जड झालं असतं.

परवा रद्दीच्या दुकानात असली दोघांची कॉमिक्स सापडली, ती घेऊन आलो. शिरस्ता ठरलेला: दोन नायक भेटले की आधी गैरसमज, मग हाणामारी, मग गळ्यात गळे. अमेरिकेत 1976 मध्ये सुपरमॅन आणि स्पायडरमॅन एका अंकात आले, तेही आधी एकमेकांना भिडलेच. लग्नात दोन्हीकडचे मामा मानपानावरून तणतणतात आणि संध्याकाळी एकमेकांना जिलबीचा आग्रह करतात, त्यातलाच हा प्रकार.

नागराजच्या मनगटातून साप सुटताना पूर्वी अंगावर काटा यायचा. काटा आताही येतो, पण काळजीनं. ऐन पावसाळ्यात हा गडी सेलूकडच्या कपाशीत उतरला तर त्याला हार कोण घालणार? आधी सर्पमित्राला फोन जाईल.

ध्रुवकडे मात्र कसलीच दैवी शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, एक मोटरसायकल, पशुपक्ष्यांची भाषा आणि तल्लख डोकं. गुंड अंगावर धावून येत असताना याच्या डोक्यावरच्या ढगात बारीक अक्षरांत हिशेब चाललेला असतो: खांब किती लांब, दोर कुठे बांधलाय, वारा कुठला. तेव्हा ते ढग ओलांडून आम्ही थेट ठोशावर जायचो. आता ढगच तेवढे वाचतो. मारामारीचं पान सरळ उलटतो. कोण जिंकणार ते ठाऊक असतं, आणि चष्मा लावूनही त्या गुंत्यात साप कुठला अन् पाय कुठला, ते काही उमगत नाही.