महापौरांचा गोठा

"काय हो ताई, लेकाकडून येऊन चार दिवस झाले, तोंड दाखवलं नाहीत! जर्मनीची चॉकलेटं एकट्याच संपवताय की काय?"

"कसली चॉकलेटं वहिनी, झोपेचं गणितच बसेना! या अशा, मेथी निवडता निवडता बोलू. ब्रेमेनच्या एका गवंड्याचं सांगायचंय. विल्हेल्म कायझेन."

"गवंड्याचं काय एवढं?"

"छताला प्लास्टरची वेलबुट्टी काढायचा हो. जन्म 1887 चा, हॅम्बुर्गचा. अठराव्या वर्षी सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेला. पक्षाची बर्लिनला शाळा होती. शिकवायला कोण, तर रोझा लुक्झेंबर्ग! आणि बरोबर शिकायला ब्रेमेनची हेलेन."

"हां, आता आलात मुद्द्यावर! जमलं?"

"1916 ला लग्न! पुढे ब्रेमेनमध्ये हा समाजकल्याणाचा मंत्री झाला. तिकडे सिनेटर म्हणतात. 1933 ला हिटलर आला नि पद गेलं, वर अटक. मग काय, गावाबाहेर बोर्गफेल्डला जमीन घेतली नि गायीगुरं सांभाळत बसला. बारा वर्षं!"

"अगंबाई! बायको काही बोलली नाही?"

"ती कसली बोलतेय, तीही त्याच कामाला जुंपलेली. 1945 ला अमेरिकन अधिकारी शोधत आले, तर स्वारी शेतावर. ऑगस्टमध्ये महापौर केलं. आणि तिथला महापौर म्हणजे मुख्यमंत्रीच हो, ब्रेमेन शहर आणि ब्रेमरहाफेन बंदर मिळून राज्य आहे ते. बॉम्बनी पार चाळण झालेलं शहर पदरात पडलं."

"म्हणजे गायी गेल्या, बंगला आला."

"तीच तर गंमत! वीस वर्षं पद होतं, पण मुक्काम बोर्गफेल्डलाच. कचेरीत महापौर, घरी आला की शेतकरी. लेकाने नेलं होतं मला ती जागा बघायला. आता स्मारक आहे तिथे."

"एवढा सरळ माणूस नसतो हो कोणी. कुठेतरी पाणी मुरत असेलच."

"भांडण होतं की! पण स्वतःच्याच पक्षाशी. पक्षाध्यक्ष शुमाखर म्हणायचे, जर्मनीने युरोपच्या परिषदेत जायचं नाही. हा म्हणे, जायचं. 1950 ला पक्षाच्या कार्यकारिणीतून नाव गळलं, तरी बदलला नाही. आणखी ऐका. 1955 ला पक्षाला एकट्याच्या जोरावर बहुमत आलं, तरी विरोधी मतांच्या पक्षांना सरकारात ठेवलंच. बंदर चालवायचं तर व्यापारी नि मजूर दोघंही हवेत, हा त्याचा हिशेब."

"पक्षातल्यांचा किती जळफळाट झाला असेल!"

"व्हायचाच. तरी 1965 पर्यंत कोणी हलवलं नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपणहून उतरला नि 1979 ला गेला, ब्याण्णवाचा होऊन."

"आणि हेलेन?"

"ती आधीच गेली, 1973 ला. पण ग्रोपेलिंगेन म्हणून कामगारवस्ती आहे, तिथे तिच्या नावाचं शेजारघर आहे. आसपासच्यांनी जमावं, एकमेकांच्या उपयोगी पडावं म्हणून."

"जमायला घर बांधलं? आपलं बरंय बाई, भिंतीवर भागतं. बरं, मेथी झाली निवडून. आता ती चॉकलेटं काढा बाहेर!"