हेड गास्केटची निर्दोष सुटका

मालमोटारीच्या इंजिनात काहीही बिघडले तरी त्याचे खापर हेड गास्केटवर फोडावे, अशी आपल्या हमरस्त्यांवरची जुनी वहिवाट आहे. सिलिंडर ब्लॉक आणि हेड या दोन अवजड असामींच्या मध्ये जन्मभर दबून राहणारा हा पातळ पत्रा ज्वाला, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांच्या हद्दीत शिरू न देण्याचे काम निमूटपणे करीत असतो, आणि इतक्या तंट्यांत मध्यस्थी करणाऱ्याविषयी लोकांच्या मनात संशय असावा हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. तथापि बेळगावच्या दिवाणी न्यायालयात शिरस्तेदारी करण्यात ज्याची हयात गेली, आणि सेवानिवृत्तीनंतर मुलाच्या नोकरीमागोमाग जो बंगळूरच्या मल्लेश्वरमात येऊन स्थिरावला, त्या माझ्यासारख्या माणसाला संशय आणि शाबिती यांतील अंतर मोजल्याखेरीज चैन पडत नाही. म्हणूनच हेड गास्केटविरुद्ध चाललेल्या एका खटल्याची हकिकत, ज्यात मी वकील नव्हतो, पंच नव्हतो आणि आरोपी तर मुळीच नव्हतो, तरी आरंभापासून अखेरपर्यंत हजर होतो, ती लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते.

फिर्यादी माझा धाकटा मेहुणा. तो सिन्नरला असतो, त्याची एक दहाचाकी लॉरी आहे (कारखाना कोणता ते सांगत नाही, अब्रुनुकसानीचे दावे किती वर्षे चालतात हे मी जवळून पाहिले आहे), आणि ती नाशिककडचा कांदा भरून हजारावर किलोमीटरची मजल मारीत यशवंतपूरच्या बाजार आवारात येते. एरवी तिचे येणेजाणे मला कळतही नाही, पण एके दिवशी पहाटे दूरध्वनी खणखणला, "दाजी, तुम्ही तिथं असताना मला कसली काळजी?" हे वाक्य कानी पडले, आणि ती काळजी कोणाच्या नावे दाखलखारीज झाली हे मी तत्काळ ओळखले. हिरियूर सोडल्यापासून तापमानाचा काटा वर चढत होता; कांदा उतरवून झाल्यावर, इंजिन पुरते निवाल्यावर, चालकाने रेडिएटरचे झाकण उघडले, तो आत पाण्याच्या जागी तपकिरी, दाट, साय धरलेला असा एक पदार्थ भरलेला. "थेट इथल्या फिल्टर कॉफीवानी, दाजी," असे तो मला म्हणाला, आणि मालकाच्या तोंडचे नाते परस्पर उचलणाऱ्या त्या गृहस्थाच्या या एका उपमेने माझ्या सकाळच्या निर्मळ सुखाला कायमचे गालबोट लागले.

लॉरी उभी होती ते आवार गोरगुंटेपाळ्याला, तुमकूर रस्त्याच्या मागल्या अंगाला, आणि त्यात चहाचे एक खोपटे होते. चहाचे खोपटे असेल तेथे ज्यूरी असतेच. सरकारने ज्यूरीची पद्धत केव्हाच मोडीत काढली, पण चहावाल्यांना तशी नोटीस बजावायचे राहून गेले. मी पोहोचलो तेव्हा निकाल लागून गेला होता. नामक्कलच्या एका चालकाचे म्हणणे ब्लॉकला तडा गेला आहे असे पडले, कोणी म्हणाले की दावेदारीतून कोणीतरी मुद्दाम रेडिएटरात तेल ओतले असावे, आमच्या क्लीनरने साताऱ्यापासून लिंबू-मिरची बदललेली नाही ही बाब दप्तरी दाखल केली. परंतु बहुमत हेड गास्केटच्या विरुद्ध होते, आणि त्या बहुमताने हेड उतरवणे, त्याचे फेसिंग करणे, लगे हाथ लायनरही बदलणे, असा शिक्षेचा तपशीलही ठरवून टाकला होता. सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट ही की फिर्यादीनेच सिन्नरात बसल्या बसल्या गुन्हा शाबीत धरून पतसंस्थेत कर्जाचा अर्ज टाकला होता.

अशा वेळी मेकॅनिक उस्ताद आले. त्यांच्या हातात पाना नव्हता, नुसती एक चिंधी होती, आणि हत्यार न परजता तपासाला येणारा माणूस मला प्रथमदर्शनीच भरवशाचा वाटला. रेडिएटरकडे त्यांनी ओझरते पाहिले. पाण्यात तेल आहे हे ज्याला त्याला दिसत होतेच; त्यांना जाणून घ्यायचे होते ते हे, की तेलात पाणी आहे किंवा कसे. त्यांनी तेलाची गेज पट्टी उपसली, चिंधीने पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल खालच्या खुणेखाली गेलेले, पण रंगाने स्वच्छ काळे; दुधाळपणाचा मागमूस नाही. "हेड कू हात नक्को लगाओ," एवढाच अंतरिम हुकूम देऊन ते चहा प्यायला बसले, आणि त्यांच्या या मनाई हुकुमाचा तर्क मला नंतर जो उलगडला, तो आमच्या न्यायालयातील पुष्कळ निकालपत्रांहून सुसंगत होता.

चालत्या इंजिनात तेलाचा दाब, या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर, चार किलोच्या आसपास असतो, आणि पाण्याचा जेमतेम एक. हे पाणीही स्वखुशीने दाबात राहते असे नाही. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातले पाणी 97 अंशांच्या सुमारास उकळू लागते. रेडिएटरच्या झाकणातली स्प्रिंग त्याला कोंडून धरते म्हणूनच ते शंभरापलीकडेही पाणी म्हणून नांदते. तेव्हा दोघांमधल्या भिंतीला कोठेही भगदाड पडले, तर बळी तो कान पिळी या न्यायाने तेलच पाण्याच्या हद्दीत घुसणार. मात्र इंजिन बंद केले की तेलाची सत्ता क्षणात संपते, तापलेले पाणी काही काळ आपला दाब राखून असते, आणि त्या अवधीत ते जमेल तेवढी परतफेड करते. पाणी जड, म्हणून ते तेलाच्या चेंबरच्या तळाशी जाऊन बसते आणि गेज पट्टीला त्याचा पत्ता लागत नाही. उस्तादांनी लॉरी रात्रभर हलवू दिली नाही. सकाळी चेंबरचा तळचा बूच हळूच सैल केला, तेव्हा आधी पळीभर पाणी आले आणि मागून तेल.

ज्यूरीने जल्लोष केला. "पाणी भी निकला! गास्केटच!" उस्ताद शांत. वाट आहे आणि ती दुतर्फा आहे एवढेच या पाण्याने शाबीत झाले होते. वाट कोणत्या गल्लीतून जाते हे ठरायचे होते.

मग एकेकाच्या जबान्या झाल्या. गिअरबॉक्स पहिल्या फटक्यालाच सुटला. त्याच्या तेलाचा गंधकासारखा उग्र दर्प रेडिएटरात नव्हता, शिवाय या जातीच्या लॉरीत त्याचे तेल रेडिएटरच्या वाटेला जातच नाही. त्यानंतर झाकण उघडे ठेवून इंजिन चालू केले, रेस दिली, आणि आम्ही सर्वजण त्या भोकात डोकावून बुडबुड्यांची वाट पाहू लागलो. गास्केट ज्वालेच्या बाजूने फाटले असते तर सिलिंडरातला वायू पाण्यात शिरून बुडबुड्यांची रांग लागली असती. ब्रेकसाठी हवा भरणारा काँप्रेसर, जो इंजिनाचेच तेल पितो आणि इंजिनाच्याच पाण्याने निवतो, तो दोषी असता तरी पाण्यात हवेने गोंधळ घातला असता. आरंभीचे चारदोन बुडबुडे विरले आणि पुढे सामसूम. धुराड्यातून पांढरा धूर नाही, एकही सिलिंडर अडखळत नाही. काँप्रेसरचा संशय बव्हंशी मिटला. गास्केटला मात्र उस्तादांनी जामिनावर सोडले, कारण ज्वालेला न दुखवता केवळ तेलाची आणि पाण्याची वाट जोडण्याइतके लबाड गास्केट त्यांनी पूर्वी पाहिलेले होते.

आता उरला ऑइल कूलर. ब्लॉकच्या कुशीत, एका झाकणाखाली बसलेला हा धातूच्या पातळ पत्र्यांचा गठ्ठा. आतून तेल जाते, बाहेरून पाणी, आणि तेलाची उष्णता पाण्याला देणे हे त्याचे काम. चार किलो आणि एक किलो यांच्यामध्ये उभा असलेला पत्रा एखाद्या मिलिमीटरचाही नसतो, तरी कोणाच्या चर्चेत त्याचे नाव येत नाही; महत्त्वाच्या जागी बसूनही अप्रसिद्ध राहण्याची ही कला मी फक्त नाझरांमध्ये पाहिली होती. उस्तादांनी कूलर उतरवला, त्याचे एक तोंड बंद केले, दुसऱ्यात हवेची नळी जोडली आणि तो बादलीतल्या गार पाण्यात बुडवून चार किलो हवा सोडली.

एकही बुडबुडा नाही!

ज्यूरीच्या चेहऱ्यावर न्यायाचा विजय झाल्याचे तेज पसरले, चालकाने हेड उतरवायला माणसे किती लागतील याची विचारणा केली, आणि मीही, खरे सांगायचे तर, सिन्नरला कोणत्या शब्दांत कळवावे याचा मसुदा मनात जुळवू लागलो होतो. उस्तादांनी बादली ओतून दिली. नंतर ते सरळ चहाच्या खोपट्यात शिरले आणि बंबातले कढत पाणी मागू लागले. चहावाला, जो स्वतः गास्केट पक्षाचा कट्टर अनुयायी, त्याला आपल्याच विरुद्धचा पुरावा आपल्याच बंबातून जात आहे याची कल्पना नसावी. दोन चहांचे पैसे घेऊन त्याने बादली भरून दिली. कूलर त्या वाफाळत्या पाण्यात थोडा वेळ बुडून राहिला, तापला, प्रसरण पावला, आणि एका कडेच्या जोडातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक वर येऊ लागले. गार असताना तडा मिटलेला, तापल्यावर उघडणारा. जो गुन्हा ऐंशी-नव्वद अंशांवर घडतो त्याची चौकशी नळाच्या गार पाण्यात करून काय उपयोग, असे उस्ताद म्हणाले नाहीत, त्यांनी फक्त माझ्याकडे पाहून, "देखे ना, दाजीसाब?" असे विचारले.

तडा का गेला, याचा शोध घेऊ जाता प्रकरण फिर्यादीच्या अंगणात येऊन पोहोचले. कूलंट विकत मिळते आणि पाणी फुकट मिळते, तेव्हा शहाण्याने कोणते वापरावे, हा माझ्या मेहुण्याचा सिद्धांत. त्यानुसार चालक जेथे मिळेल तेथे विहिरीचे, बोअरचे, हापशाचे पाणी भरीत आला होता. क्षारयुक्त पाणी गंजरोधक द्रव्यावाचून वर्षानुवर्षे तापत राहिले की एका बाजूने खवले साचतात आणि दुसऱ्या बाजूने धातू कुरतडला जातो. फिर्यादीलाच सहआरोपी करण्याचा अधिकार उस्तादांना असता, तर त्यांनी तो बजावला असता.

नवा कूलर, त्याची गास्केटे आणि रबरी होज पाइप आणण्यासाठी आम्ही जे. सी. रोडला गेलो, तेल लागलेले रबर फुगून मऊ पडते, म्हणून जुने पाइप ठेवण्यात अर्थ नव्हता. जे. सी. रोड आणि शेजारचे कलासिपाळ्य मिळून सुट्या भागांचे एक राज्यच आहे, आणि त्याच्या हाकेच्या अंतरावर हैदर-टिपूंच्या काळच्या दगडी किल्ल्याचा उरलेला तुकडा उभा आहे. तेथून जाताना मराठी माणसाला शहाजीराजे आठवल्यावाचून राहत नाहीत. 1638 च्या सुमारास आदिलशाहीकडून बंगळूर त्यांच्या जहागिरीत आले. पुढे 1687 साली व्यंकोजीराजांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना विकायला काढले, व्यवहार पुरा होण्याच्या आत मोगलांनी शहर घेतले, आणि अखेर तेवढ्याच रकमेत ते वोडेयरांकडे गेले. विक्रेता एक, कबजा दुसऱ्याचा आणि पैसे तिसऱ्याने मोजलेले, असा दावा माझ्या काळात आमच्या न्यायालयात आला असता तर तीन पिढ्यांच्या वकिलांची सोय झाली असती. मी हे चालकाला समजावून सांगितले. "तीन लाखात लॉरीची बॉडी येत नाही आता," एवढाच अभिप्राय त्याने दिला.

पाण्याचे मार्ग धुण्याचे काम किचकट असते, कारण तेल आणि पाणी घुसळून झालेला तो लगदा प्रत्येक कोपऱ्यात चिकटून बसतो. फेस न करणारे द्रावणच वापरायचे, गरम करायचे, सोडायचे, आणि निघणारे पाणी निर्मळ दिसेपर्यंत हेच पुनःपुन्हा करायचे, असा उस्तादांचा दंडक होता. ते नमाजाला गेले असता आमच्या कर्तव्यतत्पर क्लीनरने त्यात कपडे धुण्याच्या पावडरीचा एक पुडा रिता केला. इंजिन सुरू होताच रेडिएटरच्या मुखातून शुभ्र फेसाचे लोंढे उसळले, बंपरवरून उतरले आणि गल्लीत पसरले. दुसऱ्या गावी माणसे जमली असती. पण ज्या शहराने बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांचा फेस रस्त्यावर येऊन वाहने अडवताना पाहिला, आणि 2017 च्या फेब्रुवारीत बेळ्ळंदूर तलावाला चक्क आग लागलेली पाहिली, तेथील नागरिक असल्या किरकोळ प्रकाराकडे ढुंकून पाहत नाहीत. एक स्कूटरवाला पाय वर घेऊन त्यातून निघून गेला, इतकेच.

नवा कूलर बसला, तेल बदलले, फिल्टर बदलला, हिरवे कूलंट भरले गेले. लॉरी भाराविना नेलमंगलापर्यंत जाऊन आली. काटा मध्यावर, रेडिएटर निवळ, तळच्या बुचातून नुसते तेल. गास्केटचा जामीन रद्द होऊन त्याची निर्दोष मुक्तता झाली.

बिलाचा आकडा मी सिन्नरला कळवला तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना.

"म्हणजे, हेड उतरवलंच नाही?" मेहुण्याने अखेर विचारले.

"उतरवायचे कारणच नव्हते."

"अहो दाजी, पण इकडं मी सगळ्यांना सांगून बसलोय, इंजिन गेलं म्हणून. पतसंस्थेनं कर्ज मंजूर केलंय, दोन जामीनदारांच्या सह्या झाल्यात. तेवढं बिलात हेड गास्केट लिहून देतात का, विचारा की."

मी विचारले. "जो खोल्या नै, वो लिखता नै," असे म्हणून उस्तादांनी बिलबुक मिटले.

मी तसे कळवल्यावर पुन्हा थोडा विचार झाला, आणि मंजूर झालेले कर्ज तसेच परत करणे व्यवहाराला धरून होणार नाही, या निष्कर्षावर फिर्यादी आला. "मग दाजी, केबिनला रंग तरी मारून घ्या. समोर खंडोबा काढा." चालकाचे कान या संभाषणाकडे असावेत, कारण मी दूरध्वनी ठेवून बाहेर येतो तो त्याने पलीकडच्या गल्लीतला पेंटर आणून उभाही केला होता. पेंटर कन्नडिग, त्यामुळे खंडोबा त्याला मैलार म्हणून चांगला परिचित होता. अडले होते ते एवढ्यावरच, की घोड्याचे पैसे वेगळे पडतील असे तो म्हणत होता, आणि देव घोड्यासकटच धरला जातो, असा आमच्या चालकाचा युक्तिवाद चालू होता.